साडी पांघरलेलं मशीन

माझ्या लेकाचं, रविराजचं, वागणं काय सांगू! कॉलेज शिकलेला माणूस. पण परवा घरातल्या मशीनपुढं उघड्या अंगानं लोटांगण घालत होता. आणि बायकोची पिशवी दारात बांधून ठेवलेली.

आमचं घर वडगावात. पुढं विणायचा माग, मागं साड्या ठेवायची खोली. पावसाळ्यात भिंतींना ओल येते, साड्यांना बुरशी धरते. म्हणून रविराजनं हवेतली ओल ओढायचं मशीन आणलं. ओल ओढायची आणि खालच्या डब्यात पाणी साठवायचं, एवढंच त्याचं काम. आमच्या घरची रीत अशी, की नवं यंत्र आलं की मागावरची पहिली साडी त्याला पांघरायची. पांघरली. भिंतीला टेकवून देव्हाऱ्यासारखं मांडलं. आठवड्यात ते तव्यासारखं तापायला आणि आपोआप बंद पडायला लागलं.

"देवीचा ताप हाय," बघायला आलेला केदारी बुवा म्हणाला. त्यानं कणकुंबीच्या रानात तप केलं म्हणे. पोट बघून तसं वाटत नव्हतं. "आनि डब्यातलं पानी? हवेतनं आलेलं तीर्थ!"

झालं. अख्खी गल्ली वाट्या घेऊन दारात. शेजारची नागुबाई तर तीर्थ डोळ्यांना लावून रडली. बुवा यायचा, साडी काढायचा, बटण बंद करायचा, खिडकी उघडून तासभर पुटपुटायचा. मग म्हणायचा, "लावा हात." थंडगार! गल्ली दणाणून जयजयकार. जाताना साडी स्वतःच्या हातानं पांघरायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा ताप.

परवा त्यानं कारण काढलं. "घरातल्या बाईनं विटाळात शिवलंय. ती हाय तवर ताप जायचा न्हाय."

सगळ्यांच्या माना माझ्या सुनेकडं, भाग्यलक्ष्मीकडं वळल्या. रविराज तिला म्हणाला, "उचगावला जा माहेरी. बोलावीन तवा ये."

"अवो, मी पयल्याच दिवशी बोलले न्हवं? साडीनं त्याचं तोंड झाकलंय. वारा कुठनं घेनार ते?"

"तुला काय कळतंय? गप बस."

मी उठले. "बुवा, आज साडी काढायची न्हाय. बटनाला हात लावायचा न्हाय. करा थंड."

"बायाक्का, देवीची परीक्षा बघू ने."

"देवीची कोन बघतंय? तुमची बघतीया."

मंत्र झाले. घाम फुटला तो बुवाला. मशीन तसंच भाजत होतं. मग मी बटण बंद केलं, साडी ओढून काढली आणि सुनेला हाक मारली. तिनं मागची जाळी काढली. मागावरच्या सुताचं तूस जाळीवर गोधडीएवढं जाड बसलेलं. जाळी धुतली, वाळवली, मशीन भिंतीपासून हातभर पुढं ओढलं, चालू केलं. मंत्र नाही, आरती नाही. हाताला कोमट लागलं, तापलं मात्र नाही.

"पर तीर्थ?" नागुबाईचं तीर्थ काही सुटेना.

"चल, तुझ्या घरात काढून दावते."

डबा मोरीत ओतला आणि मशीन तिच्या खोलीत ठेवलं, ओल्या परकरांच्या दोरीखाली. दारं-खिडक्या लावल्या. संध्याकाळी परकर वाळलेले, डब्यात पाणी.

"आगं बया! म्हंजे मी हे..."

"व्हय. आमच्या भिंतींची ओल प्यालीस."

एव्हाना बुवा पसार झाला होता, तेही दुसऱ्याच्या चपला घालून.

बायांनो, बाप्यांनो, एखादी वस्तू तापली तर तिला वारा लागतोय का, हे आधी बघा. घरातल्या बाईकडं बोट तेव्हाही नको, नंतरही नको.

रविराजनं पिशवी उचलली. "चल आत. झालं गेलं."

भाग्यलक्ष्मीनं पिशवी त्याच्या हातातनं काढून घेतली आणि उचगावची बस धरायला निघाली. मी अडवलं नाही. लेकाला मात्र भर गल्लीत सुनावलं.

"रविराज, जाळी धुतली की मशीन निवतंय. बाईचं मन तसं निवत न्हाय. उद्या उचगावला जा, तिच्या बापाच्या दारात चार मानसांत सांग, की विटाळ न्हवता, तूस हुतं. त्यावर आली तर तिची मर्जी. न्हाय आली, तर ह्या मशीनला परत साडी नेसव आनि त्याच्यासंगं संसार कर."