माझ्यात गाणे नव्हते

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे. काळा, वायरीचा, उजव्या कानाची गादी फाटलेला. वार्ना शहरात समुद्रकाठच्या एका हॉटेलात कॅसिनो आहे. त्याच्या दारावर माझे चित्र लावले आहे आणि त्यावर तांबडी फुली मारली आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटते, याने काहीतरी गुन्हा केला असावा. मी तो केलेला नाही. हे सांगताना माझा स्वर चढला तर समजून घ्या.

माझ्या जन्माविषयी सांगण्यासारखे थोडेच आहे. केसासारखी बारीक तार, एक लोहचुंबक, कागदाहून पातळ पडदा. कारखान्यातल्या एका बाईने मला स्वतःच्या कानांना लावून पाहिले, क्षणभर डोळे मिटले आणि खोक्यात ठेवले. आमचे काम एकच असते. आत जे येईल ते इमानाने कानापर्यंत पोचवायचे, त्यात पदरचे काही घालायचे नाही.

ल्युबेनने मला विकत घेतले तेव्हा तो बंदरात क्रेन चालवत असे आणि रविवारी दुपारी पोकर खेळायला येत असे. पत्त्यांच्या टेबलावर माणसाचे डोके तापते. शेजारचा टोमणे मारतो, समोरचा मुद्दाम सुस्कारे टाकतो, भिंतीकडेची यंत्रे सारखी किणकिणत असतात. या सगळ्यातून मी त्याला बाजूला घेऊन बसत असे. त्याचे वडील लग्नात सनई-क्लॅरिनेट वाजवत. त्यांच्या जुन्या फिती त्याने फोनवर उतरवून घेतल्या होत्या. वडिलांचा श्वास घेण्याचा आवाजही मी त्याला ऐकवत असे. त्याचे हात शांत राहत. तो सावकाश, विचार करून खेळे.

"कानातलं काढ की रे, आमचं रडगाणंही ऐक जरा!" असे कोणी म्हणे, आणि तो नुसता हसे. "याचं नशीब त्या हेडफोनात आहे," असेही लोक म्हणू लागले. एक म्हातारा तर बसण्यापूर्वी मला बोट लावून जात असे. मला अभिमान वाटे. का वाटू नये?

मग एका दुपारी ल्युबेन आयरान, म्हणजे आमच्याकडचे खारे ताक, आणायला उठला आणि माझी वायर खुर्चीच्या हाताला अडकली. खिशातल्या फोनमधून माझे टोक निसटले. गाणे तुटले. तो परत येऊन बसला, तेव्हा शेजारी दोघांची कुजबुज चालली होती.

"दोन्ही राजे टाकून दिले रे मी, वेड्यासारखे."

"हळू बोल."

"हळू कशाला? हा काय ऐकतोय? हा बसलाय लग्नाच्या मांडवात."

ल्युबेनचा हात खिशात गेला. माझे टोक त्याच्या बोटांना लागले. मला वाटले, आता जोडील. त्याने ते तसेच सोडून दिले आणि बोटांनी टेबलावर ठेका धरला. न वाजणाऱ्या गाण्याचा ठेका!

मित्रांनो, त्या दिवसापासून आठ महिने माझ्यातून एक सूरही गेला नाही. दर रविवारी तो मला कानांवर चढवी, डोळे अर्धे मिटी, आणि त्याला बहिरा समजून मोकळेपणी बोलणाऱ्यांचे सगळे ऐकून घेई. मी गाण्यासाठी घडलो होतो, आणि मला चोराच्या तोंडावरचा रुमाल केले. वडिलांच्या फिती फोनमध्ये तशाच पडून होत्या. त्या आठवल्या की आजही माझ्या तारा ताठ होतात.

त्या टेबलावर पत्ते वाटत असे झ्लातिना. बावीस वर्षे तेच काम. प्रत्येक डाव संपला की ती दोन्ही तळवे उघडून सर्वांना दाखवी: पाहा, मी काही लपवलेले नाही. तिचा करार दर शरदात नवा होई. त्या वसंतात एक पत्ता चुकून आधी उलटल्याबद्दल तिला लेखी ताकीद मिळाली होती. दुसरी चूक झाली असती तर करार संपला असता, आणि चोपन्नाव्या वर्षी तिला दुसऱ्या कुठल्या टेबलावर कोण उभे करणार होते?

सप्टेंबरातल्या त्या रविवारी ल्युबेनसमोर नायडेनकाका होते. लग्नात मोठा ढोल वाजवण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी आपल्या सगळ्या पैशांच्या चकत्या पुढे सरकवल्या आणि सूर्यफुलाच्या बिया सोलत बसून राहिले. आता तेवढ्याच चकत्या लावायच्या की पत्ते टाकून द्यायचे, हे ल्युबेनने ठरवायचे होते.

"भरताय, ल्युबेन?" झ्लातिनाने मोठ्याने विचारले.

आमच्याकडे मान आडवी हलली की होकार, आणि वर झटकली की नकार. तुमच्याकडे उलटे असेल, पण आमची तान्ही बाळेसुद्धा यात चुकत नाहीत. आणि टेबलावर मानेने दिलेला शब्द तोंडच्या शब्दाइतकाच पक्का धरतात. ल्युबेनने तिचा प्रश्न स्वच्छ ऐकला. मध्ये मीच होतो, मला माहीत नसेल तर कोणाला? त्याने मान आडवी हलवली, तीनदा.

"भरले," झ्लातिना म्हणाली. नायडेनकाकांनी पत्ते उलटले. तीन नव्व्या आणि दोन राण्या. ल्युबेनच्या पत्त्यांना ते भारी होते.

ल्युबेनच्या कानशिलाची शीर माझ्या गादीखाली ताडताड उडू लागली. त्याने मला हळूच कानांवरून उतरवले, आणि झोपेतून उठल्यासारखा चेहरा करून म्हणाला, "काय झालं? पत्ते का उलटले?"

"तुम्ही हो म्हणालात ना."

"मी? मी गाणं ऐकत होतो, बाई. मान ठेक्यावर हलत होती. कानात हे असताना तुम्ही मानेवर जाताच कशा?"

पर्यवेक्षक त्सान्कोव्ह आले. कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "झ्लातिना, पुन्हा?"

त्या एका शब्दाने ती पांढरीफटक पडली. हात टेबलाच्या कडेवर घट्ट. आणि मी, ज्याला सगळे ठाऊक होते, मुकाट पडून होतो. आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज वाहिले, आणि साक्ष द्यायची वेळ आली तेव्हा स्वतःचा आवाज नाही! असा संताप मी कधी अनुभवला नव्हता.

नायडेनकाकांनी सालपट थुंकले. "गाणं कुठलं होतं रे?"

"राचेनित्सा. लग्नात तुम्ही वाजवता तीच, नाचाची."

"अस्सं. राचेनित्सा सात मात्रांची. दोन, दोन, तीन." त्यांनी बोटांनी टेबलावर वाजवून दाखवले. "पन्नास वर्षं बडवलीय मी. तुझी मान तीनदा हलली आणि खुंटीसारखी थांबली. नवरी बोहल्यावरून पळाली काय?"

टेबल हसले. ल्युबेन लाल झाला. "माझा ताल कच्चा असेल, काका. ताल चुकणं गुन्हा आहे का?"

"नाही बाबा. तसं असतं तर माझा जावई कधीच आत गेला असता."

"ऐकू द्या बघू," त्सान्कोव्ह म्हणाले आणि त्यांनी मला उचलले. त्याबरोबर ल्युबेनचा हात खिशाकडे निघाला.

"हात टेबलावर!" झ्लातिना म्हणाली. बावीस वर्षे रोज म्हणत आली होती तेच, त्याच ठाम स्वरात. "साहेब, तुम्हीच वायर ओढा."

त्यांनी वायर ओढली. माझे टोक बाहेर आले ते नुसतेच. त्याला फोन नव्हता. खिशातल्या लोकरीच्या तंतूंचा गोळा त्यावर घट्ट बसला होता, आणि त्यात सूर्यफुलाच्या बीचे एक सालपट रुतले होते. आठ महिन्यांची माझी साक्ष!

"हं," नायडेनकाका म्हणाले, "वाजंत्री तर गावातच राहिली की."

डाव काकांचा ठरला. झ्लातिनाचा करारही वाचला. पण त्सान्कोव्ह तिला म्हणाले, "तरी तुम्ही तोंडी वदवून घ्यायला हवं होतं." आणि दुसऱ्याच दिवशी दारावर ती फुली लागली. हेडफोन आणण्यास मनाई! खोटे बोलणाऱ्या माणसाला मनाई एका महिन्याची, आणि मला कायमची. ल्युबेन आता पुन्हा त्याच टेबलावर बसतो, उघड्या कानांनी. त्याच्या चित्रावर फुली कोणी मारलेली नाही. हा कोणता न्याय, मित्रांनो?

त्या रविवारी जाताना ल्युबेनने मला कचऱ्याच्या डब्यावर टाकले. झ्लातिनाने उचलले. घरी तिने टाचणीने तो गोळा कोरून काढला, टोक पुसले आणि फोनला जोडले. माझा उजवा कान आता खरखरतो, पण डावा शाबूत आहे.

मला जपा, अशी विनंती मी करणार नाही. वस्तू झिजतातच. एवढेच मागतो, की माझ्यासारख्याला कानांवर चढवाल तेव्हा त्यात खरोखर गाणे असू द्या. जग ऐकायचे नसेल तर खुशाल ऐकू नका. ऐकायचे असेल तर आम्हाला काढून ठेवा आणि माणसासमोर उघड्या कानांनी बसा. आमच्या आड दडून कोणाच्या पोटावर पाय देऊ नका.

दुपारच्या सुट्टीत झ्लातिना मागच्या पायऱ्यांवर समुद्राकडे तोंड करून बसते आणि माझ्यातून ऐकते. आतून कोणी हाक मारली, "येताय का, टेबल लागलं!" तर ती आधी मला कानांवरून उतरवते, मागे वळून पाहते, आणि मगच मान आडवी हलवते.