जादूगार हरतो ते पुस्तक

मी एक जुनं पुस्तक आहे, पण माझी पानं अजून करकरीत आहेत. मित्रांनो, पुस्तकाच्या बाबतीत ही काही अभिमानाची गोष्ट नाही.

माझे लेखक नीळकंठ आगाशे भोपाळच्या एका सरकारी कारखान्यात टर्नर होते. दिवसभर लेथवर लोखंड कापायचे आणि सुट्टीत निळ्या दिव्याच्या जादूगाराच्या गोष्टी लिहायचे. हरवलेलं काहीही परत आणणारा हा जादूगार कारखान्याच्या टाउनशिपमधल्या मराठी मुलांचा जीव की प्राण होता. माझी चार थोरली भावंडं तर मुलांनी हाताळून हाताळून खिळखिळी केली होती.

मग आगाशेकाकांची दहा वर्षांची मीना तापानं गेली. त्यानंतर त्यांनी मला लिहिलं. माझ्यात जादूगाराची धाकटी बहीण हरवते आणि ती काही केल्या त्याला परत आणता येत नाही.

मराठी मंडळाच्या वाचनालयात मुलं मला उचलायची, शेवट चाळायची आणि ठेवून द्यायची. "अरे यार, ये वाली मत ले, यात जादूगार हरतो!" मला फार वाईट वाटायचं.

प्रत्येक पुस्तकाच्या मागे नेणाऱ्याचं नाव लिहायची चिठ्ठी चिकटवलेली असे. दर रविवारी काका यायचे, माझी कोरी चिठ्ठी बघायचे आणि मला हळूच जागेवर ठेवायचे. वाचनालय सांभाळणाऱ्या सुमित्राताईंना ते बघवेना. एका रविवारी त्यांनी मला कॅरमच्या सोंगट्यांशेजारी कपाटात ठेवलं आणि काकांना सांगितलं, "पाचवं ना? वाचायला गेलंय." काकांचा चेहरा असा उजळला, की पुढची दोन वर्षं मी दर रविवारी कपाटात जात राहिलो.

काका निवृत्त झाले. नागपूरला निघण्यापूर्वी ते शेवटचे आले. "ताई, आज तरी ते आहे का हो? घरच्या सगळ्या प्रती मी मुलांना वाटून टाकल्या. मीनाच्या आईला आता डोळ्यांनी दिसत नाही. इतके दिवस ती ऐकायलाच तयार नव्हती. काल आपणहून म्हणाली, शेवटचं पान वाचून दाखवा."

मी दोन हातांच्या अंतरावर कपाटात होतो. ताईंचा हात किल्लीकडे गेला. पण माझी चिठ्ठी कोरीच होती ना! ती बघताच दोन वर्षांचं खोटं काकांना कळलं असतं. त्या पुटपुटल्या, "बाहेर आहे, काका. आलं की पाठवते."

"राहू दे. मुलांच्या हातातलं काढून घेऊ नका," म्हणत काका आनंदानं गेले. मला आवाज असता तर मी ओरडलो असतो.

आज पाठवू, उद्या पाठवू, असं करता करता तीन महिने गेले. मग मंडळाच्या फळ्यावर काकांना श्रद्धांजली लिहिली गेली. त्या दिवशी ताईंनी मला पहिल्यांदा पूर्ण वाचलं. शेवटच्या पानावर जादूगार आईजवळ बसतो आणि बहिणीच्या एकेक खोड्या तिला आठवून सांगतो. एवढंच. ताई खूप रडल्या. चिठ्ठीवर त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं आणि मला नागपूरला पाठवून दिलं.

आता मी मीनाच्या आईच्या उशाशी असतो. त्या माझ्यावरून हात फिरवतात, पण वाचून दाखवणारे गेले.

मित्रांनो, एखादं पुस्तक आवडलं नाही तर खुशाल सांगा, पण शेवटपर्यंत वाचून सांगा. मायेपोटीसुद्धा ते कुणापासून लपवू नका. आणि तुमच्यापैकी कुणी नागपूरला गेलंच, तर पाच मिनिटं आमच्याकडे या. एकच पान वाचायचं आहे.