अकरा बोंडांचा डबा

मुकुटबनच्या वच्छलाबाईनं पत्र्याचा डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. त्यात तिच्या वावरातली अकरा हिरवी कापसाची बोंडं होती. वरून तजेलदार, आत गुलाबी अळी. त्या साली जिल्हाभर हेच झालं होतं. पाच पंचांनी वावरातच सह्या करून डब्याला लाखेचं सील लावलं होतं. अळी लागणारच नाही म्हणून विकलेल्या बियाण्यावर तिनं दावा लावला होता; उद्या दिल्लीत सुनावणी. सील तुटलेलं दिसलं की बियाणं कंपनीचा वकील म्हणणार, अळ्या बाईनंच घातल्या.

आणि माळावरच्या या चिमुकल्या विमानतळावर तपासणीचे साहेब म्हणत होते, "डबा उघडा."

"नाही उघडत."

"आजी, नियम आहे. आत काय आहे ते पाहावं लागतं."

"मंग हे एवढं मोठं यंत्र कायले मांडलं? पाहा ना त्याच्यातून!"

रांगेतला एक जण कुरकुरला, "आजी, विमान निघून जाईन."

"तुले घाई असन तं पंख लाव."

साहेबांनी आठ्या घालून डबा पट्ट्यावर ठेवायला लावला. पडद्यासमोर सेवादास नावाचा जवान होता, दिग्रसकडचा, कापूस वेचत वाढलेला. त्यानं पट्टा थांबवला, मागे घेतला, पुन्हा थांबवला.

"बोंडं हायेत, साहेब. अकरा. चाकू नाही, काही नाही." मग हळूच म्हणाला, "सात पोकळ दिसून राह्यले. आतून खाल्लेले."

"पुटपुटतं कायले?" वच्छलाबाई कडाडली. "मोठ्यानं बोल! तुह्या वावरात काय निघालं?"

सेवादासनं मान वर केली. "आमच्या वावरात तं एकबी शाबूत नव्हतं, आजी."

साहेबांनी वाकून पडद्यावरची बोंडं स्वतः मोजली.

"ठीक आहे. जाऊ द्या यांना."

"असं कसं जाऊ द्या? साऱ्याईच्या सामानाच्या चिठ्ठीवर तपासल्याचा शिक्का मारता ना? माह्या डब्याले काहून नाही?"

साहेबांनी स्वतःच चिठ्ठी डब्याच्या कडीला बांधली. सेवादासनं शिक्का उचलला.

"थांब. तारीख बराबर हाय ना? जोरानं मार. दिल्लीत वाचता आलं पायजे, डबा तपासला, पन उघडला कोनी नाही."

सेवादासनं शिक्का शाईच्या गादीवर दोनदा दाबला.