भिंगरीमामांचा बूटजोड

"सोडा त्याला मामा, मेलंय ते!" डॉक्टरबाई ओरडल्या.

भिंगरीमामा पिल्लाच्या चोचीत थेंब थेंब पाणी सोडत होते. पिल्लू केव्हाच गेलं होतं, पण मामांना स्वस्थ बसवेल तर शपथ. पायाला भिंगरी, म्हणून भिंगरीमामा. पोल्ट्रीच्या चारही शेडांवर तेवीस वर्षं त्यांचीच देखरेख. घरी जेवणसुद्धा उभ्यानं. मामी म्हणायच्या, "हे जन्मले तेव्हा सुईण मागे पळाली असणार!"

डॉक्टरबाईंनी पिल्लू फाडलं. आतड्यात रक्ताच्या गुठळ्या.

"रक्ती हगवण. कॉक्सिडिया नावाचा जंतू. आतड्यात वाढतो, विष्ठेतून पडतो, ओल्या भुश्यात मुरतो आणि मग दुसऱ्याच्या पोटात जातो. पहिली कुठे लागली?"

"दोन नंबरात. तिथला पाण्याचा पाइप गळत होता," मॅनेजर म्हणाला. "मग चार, मग एक. आणि ऑफिसमागे आमच्या आईची सहा पिल्लं आहेत, तीपण हगताहेत. आईनं सकाळपासून माझ्याशी बोलणं टाकलंय."

"आणि तीन नंबर?"

"तीन ठणठणीत! तिथे हा वॉचमन बघतो." मॅनेजर वॉचमनकडे वळला आणि त्याचा आवाज एकदम चढला. "थांब की रे! तुझी शेड सोडून सगळीकडे रोग? म्हणजे तूच काहीतरी केलंस! उद्यापासून येऊ नकोस!"

वॉचमनच्या हातातला पाण्याचा डबा खाली पडला. "साहेब, मी तर दुसऱ्या शेडांत पाऊलसुद्धा टाकत नाही!"

"तेच तर म्हणतोय मी!" मॅनेजर म्हणाला.

मामा एका पायावरून दुसऱ्या पायावर झाले. तीन नंबरच्या दारात कुत्री व्यायली होती. मामा दिसले की पिंडरीवरच झेप. म्हणून सध्या तीन नंबर वॉचमनकडे. बाकी मामांचं: दोन, चार, एक, मग ऑफिसमागे चहा. दोनमध्ये पहिलं रक्त दिसलं तेव्हा ते चारकडे पळाले, तिथे तर नाही ना ते बघायला. मग एककडे. मग पुन्हा दोन. दिवसाला वीस-वीस फेऱ्या.

"डॉक्टरबाई," मामा हळूच म्हणाले, "हा बुटाला लागून जातो का हो?"

"बुटालाच लागून जातो."

"पण मी प्रत्येक दारात बूट फिनेलात बुडवतो! तेवीस वर्षं! कधी चुकवलं नाही!"

"फिनेलनं याला काही होत नाही, मामा. बूट प्रत्येक शेडचे वेगळे लागतात."

शेडभर पिल्लांची चिवचिव. मामांनी बुटांकडे पाहिलं. गुळगुळीत, काळेभोर, पोरांना न्हाऊ घालावं तसे रोज धुतलेले.

"साहेब, वॉचमनला काही बोलू नका," ते म्हणाले. "मीच नेला. काळजीनं नेला."

मॅनेजरनं पडलेला डबा उचलून वॉचमनच्या हातात दिला. "मामा, आता आईला काय सांगू मी?" एवढंच म्हणाला.

डॉक्टरबाईंनी पाण्यातून द्यायचं औषध लिहून दिलं, ओला भुसा काढायला सांगितला. चार शेडांना चार बूटजोड आले आणि चार माणसं. मामांच्या वाट्याला दोन नंबर. पिल्लांची ही बॅच विकली जाईपर्यंत दुसरीकडे जायचं नाही.

मामांनी सकाळभरात पाइप बांधला, भुसा बदलला, पिल्लं दोनदा मोजली. मग करायला काही उरलं नाही. ते दारात आले. डॉक्टरबाईंनी उंबऱ्यावर खडूनं रेघ मारली होती.

"ए वॉचमन! चारमधली पिल्लं पाणी पितात का रे?"

"विचारलं मी तिथल्याला, पितात मामा!"

"एकमधली?"

"पितात! बसा आता!"

मामांचा उजवा पाय उचलला गेला. रेघेवर क्षणभर तसाच लटकला. मग त्यांनी तो हळूच आत घेतला, कुणी तरी झोपलं असावं तसा भुश्यावर टेकवला, आणि उलट्या घातलेल्या बादलीवर बसले. तेवीस वर्षांत पहिल्यांदाच.