टिटवीच्या वाटेवर अबोला

भागिरथी आणि शकिला शेजारणी. दोन्ही घरांच्या मधली भिंत एकच, आणि गुडघेदुखीही दोघींची सारखीच. नेवाशाच्या डॉक्टरांनी दोघींना सांगून ठेवलं होतं, रोज सकाळी सपाट जमिनीवर चाला. त्यांच्या गावात सपाट जमीन म्हणजे जायकवाडी धरणाच्या फुगवट्याचा काठ. उन्हाळ्यात पाणी मागं सरलं की तिथं गाळाचं आणि खड्यांचं मोठं पटांगण उघडं पडतं. वनखात्यानं पक्षी अभयारण्याची पाटी लावली आहे, तिच्यावर वेडे राघू ओळीनं बसलेले असतात.

अडचण एकच होती. थंडीत शकिलाच्या मुलीच्या लग्नात भागिरथीनं भर पंगतीत म्हटलं होतं, "बिर्याणीला मीठ कमी हाय." बिर्याणी शकिलाच्या भावानं केलेली. तेव्हापासून दोघींचा अबोला होता. पण काठावर भटकी कुत्री फिरतात, त्यामुळं एकटीनं जायचा धीर दोघींनाही नव्हता. म्हणून त्या घरातून बरोबरच निघत आणि मधून बैलगाडी जाईल एवढं अंतर ठेवून चालत. भागिरथी पुढं, शकिला मागं. बोलायचं असेल ते पक्ष्यांशी बोलत.

"बघ रं बगळ्या," भागिरथी पाण्याकडं बघून म्हणे, "काही लोकांना खरं बोललेलं सोसत न्हाई."

मागून शकिला लांब तांबड्या पायांच्या शेकाट्याला सांगे, "तुझे पाय लांब हायेत, पर जीभ न्हाई. लई गुणाचा हायेस बाबा."

एप्रिल लागला आणि एका सकाळी टिटवी आली. वाटेच्या कडेनं ओरडत उठली आणि सरळ भागिरथीच्या डोक्यावरून गेली, इतकी खालून की पदर उडाला. भागिरथी मटकन खाली बसली. मागं शकिला खो खो हसली, मग आपला अबोला आहे हे आठवून खोकली.

दुसऱ्या दिवशी भागिरथी मुद्दाम चपलेचा अंगठा नीट करत थांबली. शकिलाला पुढं जाणं भाग पडलं. टिटवी उठली, शकिलाला सोडून मागं वळली आणि पुन्हा भागिरथीवरच आली. भागिरथीला हा अन्याय वाटला. ती टिटवीला मनातलं सगळं ऐकवत, हात हलवत, वाट सोडून खड्यांत शिरली.

"भागिरथीताई, हलू नका."

शकिलाचा आवाज. भागिरथी उचललेला पाय तसाच धरून थांबली.

"काय झालं?"

"तुमच्या पायाखाली अंडी हायेत. पाय टेकवू नका."

"आता कुठं टेकवू? गुडघा थरथरतोय माझा."

शकिला धावली, म्हणजे तिला जमेल तशी आली. तिनं भागिरथीचा दंड धरला आणि तिला मागं ओढलं. खड्यांमध्ये खड्यांसारखीच चार अंडी होती, मातकट, काळ्या ठिपक्यांची. वरून टिटवी दोघींना सारखीच शिव्या घालत होती.

"मला दिसलीच न्हाईत," भागिरथी म्हणाली.

"तुमचं लक्ष भांडणात हुतं."

एवढं बोलणं झाल्यावर पुन्हा गप्प बसणं दोघींनाही अवघड वाटलं. परतताना मधलं अंतर राहिलं नाही.

आता चालणं कमी आणि राखण जास्त होऊ लागली. दोघी लांब बांधावर बसून बघत. ऊन चढलं की टिटवी पाण्यावर जाई, पोट भिजवून येई आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसे. "आपल्या माठाला ओलं फडकं गुंडाळतो, तसंच की," शकिला म्हणाली. एकदा गावातल्या रतनबाईच्या म्हशी पाण्याकडं निघाल्या त्या थेट अंड्यांच्या दिशेनं. भागिरथीनं पदर खोचला, शकिलानं ओढणी काढून हातात घेतली, आणि दोघी म्हशींसमोर उभ्या राहिल्या. म्हशी बिचकून वळल्या. टिटवीनं मात्र आभार न मानता दोघींच्या डोक्यांवर आलटून पालटून झडप घातली.

"तुमी दोघी बोलायला लागल्या व्हय?" रतनबाईनं विचारलं.

"न्हाई," भागिरथी म्हणाली, "आमी टिटवीचं काम करतोय."

मग एका सकाळी त्या गेल्या तेव्हा खड्यांतली जागा रिकामी होती. अंडी नव्हती आणि टिटवीही दिसेना. शकिला तिथंच खाली बसली. "कुत्र्यांनी नेली असतील," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले. भागिरथी शेजारी बसली आणि तिनं शकिलाच्या पाठीवर हात ठेवला.

तेवढ्यात मागून ओळखीचा आरडाओरडा आला. टिटवी आली, जोडीदाराला घेऊन, आणि दोघांनी मिळून असा हल्ला चढवला की दोघींना डोकं झाकून वाकावं लागलं. वाकल्यावर शकिलाला समोरचा एक खडा डोळे मिचकावताना दिसला. तिनं भागिरथीला कोपरानं ढोसलं. खड्याला पाय होते. त्याच्यापलीकडं दुसरा आणि तिसरा खडा होता, आणि चौथा उठून पाण्याकडं तुरुतुरु पळत सुटला होता.

"ताई, उठा लवकर. पिल्लांच्यातच बसलोय आपण."

"उठव मला आधी."

एकमेकींना धरून दोघी कशाबशा उठल्या आणि दुखऱ्या गुडघ्यांनी बांधाकडं पळाल्या. हसू आवरेना, म्हणून मध्येच थांबावं लागे, आणि थांबल्या की टिटवी पुन्हा यायची.