तपासनीसबाईंची वाटी

आप्पांच्या दुकानात येऊन नावं ठेवल्याशिवाय न उठणारं गिऱ्हाईक एकच होतं, आणि ते रोज यायचं. तपासनीसबाई. बाईंचा सगळा जन्म रेल्वेत तिकिटं तपासण्यात गेला होता. नोकरीतून निवृत्त झाल्या, पण संशयातून काही झाल्या नाहीत. दुपारी दुकान उघडलं की त्या खिडकीजवळच्या टेबलावर बसायच्या आणि कॅरमल कस्टर्डची वाटी डोळ्यांसमोर धरून, आत कुणी विनातिकीट बसलंय का ते बघायच्या. मग पहिला चमचा. मग डोळे मिटून थोडा वेळ शांतता. मग निकाल.

"साखर हात सैल सोडून घातलीय आज."

"व्हॅनिला रजेवर आहे वाटतं."

"पाक कडू. औषध म्हणून देताय का?"

दुकान तसं साधंच. कोपऱ्यावरची बुटकी जागा, डगमगू नये म्हणून पायाखाली पुठ्ठा घातलेली टेबलं, भिंतीवर पंखा. सूप, टोस्ट, ऑम्लेट, नूडल्स असं पोट भरायला सगळं मिळायचं, पण त्यासाठी कुणी यायचं नाही. लोक दुसरीकडे जेवून कस्टर्डला इथे यायचे. आणि कस्टर्ड आप्पा स्वतः करायचे, दुसऱ्या कुणाला पातेल्याला हात लावू द्यायचे नाहीत.

गल्ल्यावर त्यांचा मुलगा बसायचा. बाईंमुळे त्याच्या नाकी नऊ आले होते. "आप्पा, या बाईंचं काहीतरी करा. त्या बोलल्या की शेजारच्या टेबलावरची माणसं चमचा हवेत धरून विचारात पडतात."

आप्पा मात्र बाई आल्याचं कळताच पंच्याला हात पुसत बाहेर यायचे, टेबलाशी उभे राहायचे आणि खाली मान घालून सगळं ऐकून घ्यायचे. वर विचारायचे, "कडू म्हणजे कितपत? थोडं, की फार?" गिऱ्हाइकं म्हणायची, काय हा माणूस, केवढी सहनशक्ती.

सहनशक्ती कसली डोंबलाची. आप्पांना चव लागत नव्हती.

हिवाळ्यात आप्पांनी तापानं अंथरूण धरलं, ताप गेला आणि जाताना नाकही घेऊन गेला. वास गेला तशी चवही गेली. डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून सांगितलं, "येईल परत. किंवा नाहीही येणार." एवढं तर आप्पांनाही बॅटरीशिवाय सांगता आलं असतं. कॅरमलचा पाक हे तर सगळं नाकाचं काम. साखर वितळते, मधासारखी होते, मग चहासारखी, आणि मग एक क्षण असा येतो की वास वळतो. तेव्हाच पातेलं उतरवायचं. डोळ्यांना ते कळतं, पण जरा उशिरा, आणि तेवढ्यात पाक करपलेला असतो.

हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. घरात तर उलटाच परिणाम झाला. बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, स्वयंपाकात उभं आयुष्य खोड काढणारा माणूस ताटात पडेल ते मुकाट गिळू लागला. एकदा भाजीत मीठ घालायचं राहिलं, तरी चकार शब्द नाही. काकूंना वाटलं, आजारपणानं माणूस सुधारला. त्यांनी शेजारणीला तसं सांगितलंही. काकूंना स्वतःला डॉक्टरांनी गोड बंद केलेलं, त्यामुळे कस्टर्डकडे त्या बघतही नसत.

पहिल्याच आठवड्यात आप्पांनी पाकात साखरेबरोबर चुकून चांगलं मूठभर मीठ घातलं. तपासनीसबाईंनी पहिला घास पाण्याबरोबर ढकलला आणि आख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "समुद्रात केलंय का?" आप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. पण तोंडातून निघून गेलं, "नवीन प्रकार आहे. खारं कॅरमल. हल्ली चालतं." आणि खरंच, कोपऱ्यातल्या दोन कॉलेजच्या पोरींनी तेच आणखी एकेक मागवलं. दुसऱ्या दिवशी मैत्रिणींना घेऊन आल्या आणि 'कालचं' नाही म्हटल्यावर हिरमुसून गेल्या.

त्या दिवसापासून बाई म्हणजे आप्पांची जीभ झाल्या. दुपारचा पहिला घाणा त्यांच्यापुढे जायचा, त्या तोंड वाकडं करायच्या, आणि त्यांच्या तोंडाच्या मापानं आप्पा संध्याकाळचा घाणा दुरुस्त करायचे. संध्याकाळी गर्दी बोटं चाटत उठायची. बाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. आपलं कुणीतरी ऐकतं एवढंच त्यांना कळत होतं, आणि त्यांच्या घरी ऐकणारं कुणी नव्हतं.

घोडं अडलं ते एका वाढदिवसाच्या टेबलावर. दहा-बारा मुलं, फुगे, टोप्या, आणि बाई शेजारच्या टेबलावरून मुलांच्या आईला म्हणाल्या, "अंडं जास्त झालंय, उग्र लागतंय. देऊ नका मुलांना." आईनं वाट्या बाजूला सारल्या. मुलांनी गळा काढला. गल्ल्यावरून मुलगा उठला आणि अगदी हात जोडून, गोड आवाजात म्हणाला, "बाई, आमचं तुम्हाला आवडतच नाही, तर रोज एवढा त्रास कशाला घेता?"

बाईंनी कागदी रुमालाची घडी घातली, पर्स उचलली आणि निघून गेल्या. आप्पा आत अंडी फेटत होते. त्यांना रात्री दुकान आवरताना कळलं, आणि ते स्टुलावर खाली बसले. मुलाला वाटलं, सुटल्यासारखं झालं म्हणून बसले.

पुढचे दिवस आप्पांनी अक्षरशः चाचपडत काढले. मुलाला सहज विचारावं तसं विचारलं, "कसं झालंय?" मुलगा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "छान." सुनेला विचारलं. ती म्हणाली, "छानच की, आप्पा." भांडी घासणाऱ्यानं तर चव घेण्याआधीच छान म्हणून टाकलं. आणि वाट्या मात्र अर्ध्या भरलेल्या परत येऊ लागल्या.

मुलगा काही आंधळा नव्हता. एका सकाळी त्यानं टेबलावर कस्टर्डच्या तयार मिश्रणाची पाकिटं आणून ठेवली. दूध उकळायचं, पूड घालायची, ढवळायचं. "आप्पा, आता तुम्ही गल्ल्यावर बसा. संध्याकाळपर्यंत पाय सुजतात तुमचे. मी बघतो आतलं."

तो प्रेमानंच बोलला होता, पण आप्पांचं डोकं सटकलं. "माझं कस्टर्ड या पुडीला हरलं, तर पळी तुझ्या हातात देईन. पुन्हा आत पाय टाकणार नाही."

"कधी?"

"रविवारी. सगळ्यांसमोर."

बोलून बसले. मिसरूड फुटायच्या आधीपासून ते त्या शेगडीपुढे उभे होते. गल्ल्यावर बसून दिवसभर सुटे पैसे देणारा म्हातारा व्हायची त्यांना भीती वाटत होती, साधी, सरळ भीती.

शनिवारी दुपारी त्यांनी डब्यात कस्टर्ड भरलं आणि बाईंचं घर गाठलं. बाईंनी दाराला साखळी ठेवूनच फट उघडली.

"कस्टर्ड आणलंय," आप्पा म्हणाले.

"मी मागवलं नव्हतं."

"मुलाच्या वतीनं माफी मागतो. एक चमचा घ्या."

बाईंनी साखळी काढली, पण कपाळावरची आठी नाही काढली. टेबलाशी बसल्या, एक चमचा खाल्ला, ओठ टिपले. आप्पा कानात प्राण आणून उभे.

"छान आहे," बाई म्हणाल्या.

आप्पांनी डबा पुढे सरकवला. "नीट बघा जरा. उद्या दुकानात सगळ्यांसमोर पैज आहे माझी. साखर?"

"छान आहे."

"पाक कडवट लागतोय का?"

"छान आहे म्हटलं ना. सगळंच छान आहे. मला न आवडणाऱ्या गोष्टींसाठी मी उगाच त्रास घेत नाही हल्ली."

आप्पांनी खूप विनवण्या केल्या. करपलंय का? उग्र आहे का? नासलंय का? बाई सगळ्याला छान म्हणाल्या. कुणाला रडवायचं असेल तर शिव्याच द्याव्या लागतात असं नाही, हे आप्पांना त्या दिवशी कळलं. शेवटी त्यांनी हात टेकले आणि समोरच्या खुर्चीवर बसत खरं ते सांगून टाकलं. "बाई, मला चव लागत नाही. हिवाळ्यापासून. वासही येत नाही. तुम्ही सांगायचात तसं मी करत होतो."

बाईंनी चमचा खाली ठेवला. "म्हणजे तुम्ही रोज बाहेर येऊन उभे राहायचात, ते यासाठी."

"हो."

"मला वाटायचं, माझ्या बोलण्याला किंमत आहे."

"तसं नाही हो..."

"घरचं नाक बिघडलं, म्हणून माझं वापरलंत." बाईंनी डब्याचं झाकण लावून डबा त्यांच्या हातात दिला. आवाज चढला नव्हता, पण डोळे भरले होते. "या तुम्ही आता."

जिना उतरताना आप्पांना स्वतःची शरम वाटली. काय बोलायला हवं होतं ते त्यांना खालच्या पायरीवर सुचलं, पण वर जायची हिंमत झाली नाही.

रविवारी दुकान गच्च भरलं होतं. मुलानं प्रत्येक टेबलावर दोन-दोन वाट्या मांडल्या, एक निळी, एक पांढरी. निळीत पाकीट, पांढरीत आप्पा, पण हे फक्त बापलेकांना ठाऊक. लोकांनी चमचे उचलले आणि मग नेहमीच्या गिऱ्हाइकांची जी पंचाईत झाली ती बघण्यासारखी होती. कुठली वाटी आप्पांची हे कळेपर्यंत कुणी तोंड उघडेना. "दोन्हीत वेगळीच मजा आहे," समोरचा केमिस्ट म्हणाला. "दोन्ही आपापल्या जागी बरोबर," असं शाळेतल्या चित्रकलेच्या सरांचं मत पडलं. बाकीच्यांनी मिठाची गुळणी धरली.

तेवढ्यात दार ढकलून तपासनीसबाई आत आल्या. खिडकीजवळच्या टेबलावर बसलेलं जोडपं आपोआप उठलं. मुलानं एकदा आप्पांकडे बघितलं आणि दोन वाट्या बाईंपुढे नेऊन ठेवल्या.

बाईंनी निळी वाटी डोळ्यांसमोर धरली, चमचा तोंडात घातला, डोळे मिटले. मग पाण्याचा घोट घेतला आणि पांढरी उचलली.

"निळी बरी," बाई म्हणाल्या. "गुळगुळीत आहे, गोड आहे, लक्षात राहणार नाही, पण बरी. पांढरीचा पाक जळलाय. कोळसा आहे नुसता. अंडं कच्चट आणि व्हॅनिला दोनदा पडलाय."

मुलाचा चेहरा जिंकल्यासारखा मुळीच दिसत नव्हता. आप्पा आत गेले आणि पळी घेऊन बाहेर आले.

"बरोबर आहे त्यांचं," ते म्हणाले. "जळलाच असणार. मला वास येत नाही. चवही लागत नाही, हिवाळ्यापासून." आणि ठरल्याप्रमाणे पळी मुलापुढे टेबलावर ठेवली.

मुलाला आधी कळेचना. मग त्याला खारं कॅरमल आठवलं, अर्ध्या वाट्या आठवल्या, बापानं चार-चारदा येऊन 'कसं झालंय' विचारलेलं आठवलं. त्याचे डोळे पाणावले. "आप्पा, मला सांगायचं ना. मी घेतली असती चव. परक्या बाईंच्या तोंडाकडे कशाला बघत बसलात?"

आप्पांनी उत्तर द्यायच्या ऐवजी बाईंच्या टेबलावरची पांढरी वाटी उचलून त्याच्या हातात दिली. "घे. सांग."

मुलानं मोठा चमचा भरून तोंडात घातला. त्याच्या नाकपुड्या फुगल्या, गाल आत गेले, गळ्याशी काहीतरी अडकलं, ते त्यानं निकरानं गिळलं. मग बापाच्या चेहऱ्याकडे बघितलं.

"छान आहे, आप्पा," तो म्हणाला.

आप्पा बाईंकडे वळले. काल खालच्या पायरीवर सुचलेलं त्यांना आता म्हणता आलं. "बघितलंत? जिभा घरात पुष्कळ आहेत, बाई. पण माझ्यावर माया करतात सगळे. खरं सांगणारं कुणी नाही."

बाईंनी रुमालानं ओठ टिपले, मग डोळे टिपले, मग चष्मा पुसला. उठल्या, मुलापुढची पळी उचलून आप्पांच्या हातात दिली, आणि स्वतःची खुर्ची उचलून स्वयंपाकघराकडे निघाल्या. वाटेत कुणी मदतीला पुढे झालं, त्याला त्यांनी नजरेनंच बसवलं. शेगडीपासून हातभर अंतरावर खुर्ची ठेवली, पदर खोचला, नाक पुढे केलं आणि म्हणाल्या, "चढवा साखर. आणि हे पातेलं कुणी घासलंय, त्याला आधी बोलवा."