बारा वर्षांवरच्या बायांचा झोका

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या दिवशी ललिता सकाळपासून एका जागी बसली नव्हती. पाहुणे नाहीत, घाई नाही, तरी तिने घागर पुजली, पुरण शिजवलं, धुतलेली भांडी पुन्हा धुतली. नवऱ्याने, राकेशने, रिक्षा बाहेर काढता काढता विचारलं, "काय चाललंय तुझं?" ती म्हणाली, "काही नाही," आणि ओसरी झाडायला लागली.

पहाटे भावाचा, ईश्वरचा फोन आला होता. शिंदखेड्याकडच्या त्यांच्या गावात आखाजीचा झोका खेळायला माहेरी आलेल्या लेकी-बहिणी गोळा झाल्या होत्या. "अक्का, लिंबले झोका बांधी टाकेल शे. माय वाट देखी राहिनी. तू येशी ना?"

"ड्युटी शे रे," एवढंच ती बोलली. आठ वर्षं ती हेच सांगत होती.

ललिता धुळ्यातल्या एका बागेत कंत्राटावर पहारेकरी होती. सणाच्या दिवशी बागेत गर्दी, म्हणून सणाला सुट्टी नाही. गेल्या हिवाळ्यात झोक्याची साखळी तुटून एका नव्या नवरीचं मनगट मोडलं, तेव्हापासून फलक लागला होता: झोके फक्त बारा वर्षांखालील मुलांसाठी. मोठं माणूस बसलं की शिट्टी मारायची, हेच तिचं काम.

दुपारी चारला तिने फाटक उघडलं. उन्हाने घसरगुंडीचा पत्रा इतका तापला होता की पोरं हात लावून मागे पळत होती. ललिता बागेला फेऱ्या मारत राहिली. बाकावर टेकली की लगेच उठायची.

पाचच्या सुमाराला सात-आठ बाया आल्या, नव्या साड्या नेसून. पलीकडच्या पत्र्याच्या वस्तीतल्या, मजुरीवर जाणाऱ्या. त्यांच्यात सत्तरीची बिजलीबाई होती. ती सरळ झोक्यापाशी गेली, साखळी धरली आणि बसली.

ललिताने शिट्टी वाजवली. "आजी, उतरा. लहान पोरांचा झोका आहे."

"काबर मारी राहिनी शिट्टी?" बिजलीबाईने पाय जमिनीवरून उचलले. "आज आखाजी शे ना?"

"नियम आहे. साखळी तुटली तर तुमचंच हाड मोडेल."

"आमच्याकडे झाड नाही हो," तिची सून म्हणाली. "पत्र्याला कुठं बांधायचा झोका? दोन घटका बसू द्या की."

आजूबाजूची माणसं बघायला लागली. एका बाईने तक्रार केली की तिच्या मुलाचा नंबर गेला. ललिताने आवाज चढवला, "उतरा म्हटलं ना!" बिजलीबाई उतरली. पदर सारखा करून फाटकाकडे चालू लागली. बाकीच्या तिच्या मागे.

ललिता परत फेरीला निघाली. कारंज्यापर्यंत गेली, थांबली. आपला आवाज कसा लागला ते तिलाच ऐकू येत होतं. आपली माय त्या म्हातारीच्याच वयाची. ती वळली, चालता चालता धावायला लागली आणि बाया रस्त्याला लागायच्या आत तिने त्यांना गाठलं.

"आजी, या माझ्यासोबत."

पंपाच्या खोलीमागे जुना कडुनिंब होता. तिकडे कोणी फिरकत नसे. खोलीत मोटार वर ओढायचा जाड दोर पडलेला. सून पोरासारखी झाडावर चढली, ललिताने खालून दोर फेकला, गाठी दोनदा मारून घेतल्या, पोत्याची घडी घातली आणि आधी स्वतः लोंबकळून बघितलं. फांदी हलली नाही.

"बसा आता."

बिजलीबाई बसली नाही, झोक्यावर उभी राहिली. सुनेने पाठीवर हात ठेवला तसा झोका सुटला. बाया गायला लागल्या. गाणं ऐकून बागेतल्या इतर बायाही आल्या, तक्रार करणारीही मुलाला कडेवर घेऊन आली आणि नंबराला उभी राहिली.

साडेसहाला सुपरवायझर रुपचंद फेरीवर आला. "ललिताबाई, हे काय?"

"झोका, भाऊ."

"फलक वाचता येतो ना तुम्हाला?"

"लोखंडी झोक्यावर कुणी बसलं नाही. आणि दोर मी स्वतः तपासलाय."

"फांदी मोडली तर उत्तर मी द्यायचं! सोडा तो."

"सातला सोडते. त्याआधी नाही."

हे शब्द आपल्या तोंडून कसे गेले, तिला कळलं नाही. रुपचंदने मोबाइलवर फोटो काढला. "साहेबांना पाठवतो," म्हणाला आणि गेला.

सातला पाच मिनिटं होती. बिजलीबाई म्हणाली, "ये पोरी, आते तू."

ललिता चढली. दुसऱ्याच झोक्याला कंपाउंडच्या भिंतीपलीकडचा हायवे दिसला, तिसऱ्याला त्यावरून जाणारी लाल एसटी. तिला वाटलं होतं, जीव शांत होईल. उलट त्या गाडीत चढावंसं वाटलं. जिथं जायचं तिथं न जाता ती आठ वर्षं इथंच थांबली होती, आणि आता दुसऱ्यांनाही झोक्यावरून उठवत होती. झोका थांबायच्या आत तिने उडी मारली, सुनेकडून दोर सोडवून घेतला, गुंडाळून खोलीत ठेवला आणि भिंतीला टेकून भावाला फोन लावला.

"ईश्वर, मी सकाळना येस. झोका सोडू नका."

सकाळी शिंदखेड्याच्या पहिल्या गाडीत चढताना रुपचंदचा फोन आला. साहेब चिडले होते, नोकरी ठेवली होती, पण बाग काढून घेतली होती. सोमवारपासून वाहनतळावर.

"बरं," ती म्हणाली. बागेतली सावली गेली याचं तिला वाईट वाटलं, रागही आला. पण गाडी सुरू झाली होती. कंडक्टर म्हणाला, "बाई, जागा आहे, बसा की."

"राहू द्या," ललिता म्हणाली आणि दांडा धरून पुढच्या काचेतून रस्ता बघत उभी राहिली.